दलाल हटवून विणकर वाचत नाही

“मधला दलाल काढून टाका, थेट विणकराकडून घ्या. त्याला दोन पैसे जास्त मिळतील आणि तुम्हालाही साडी स्वस्त पडेल.” हा सल्ला हल्ली इतक्या ठिकाणी कानावर येतो, की त्याबद्दल शंका काढणारा माणूस दलालांचा हस्तक वाटावा. ७ ऑगस्टच्या हातमाग दिनाच्या पुरवण्यांत तो असतो, लग्नाचा बस्ता बांधायला निघालेल्या घरांत असतो, गाडी करून येवल्याला जाणाऱ्या मैत्रिणींच्या बेतात असतो. सल्ला देणाऱ्यांच्या मनात विणकराविषयी कळवळा आहे, हे मी मानतो. तरीही तो सल्ला चूक आहे आणि ज्याच्या भल्यासाठी दिला जातो त्याच्याच मुळावर येतो, असं माझं ठाम मत आहे.

त्यातला हिशेब आधी पाहू. एकाच साडीतून विणणाऱ्याला जास्त मिळावं आणि नेसणारीला कमी मोजावं लागावं, हे दोन्ही साधायचं तर मधे जाणारा प्रत्येक रुपया निव्वळ लूट असायला हवा. म्हणजे दुकानदार काहीच करत नाही, नुसता गादीवर बसून खातो, असं धरून चालावं लागतं. येवल्यातल्या एखाद्या मागासमोर तासभर बसलं तरी ही समजूत टिकत नाही.

मी ज्या घरात बसलो होतो तिथे पदर चालू होता. बांगडी मोराचा. खिडकीतला उजेड नेमका फणीवर पडेल अशा बेतानं माग बसवलेला. या पदराला एक धोटा इकडून तिकडे फेकून भागत नाही. मोराच्या मानेचा निळा एका कांडीवर, चोचीचा लाल दुसऱ्या, पिसाऱ्याचा हिरवा तिसऱ्या, आणि मधली जर आणखी वेगळ्या कांडीवर. अशा इवल्या इवल्या कांड्या ताण्यावर ओळीनं पडलेल्या. विणकर बोटांनी ताण्याचे धागे मोजतो, एक रंग जिथे संपतो तिथे तो शेजारच्या रंगात अडकवून मागे वळवतो, मग पुढची कांडी उचलतो. ओळ पुरी झाली की फणी ठोकायची. म्हणूनच हातानं विणलेल्या पैठणीचा पदर मागूनही तसाच दिसतो; मोर तेवढाच स्वच्छ, एकही धागा लोंबत नाही. दिवसभरात पदर दोन-चार बोटं पुढे सरकतो. पलीकडे त्याची बायको रहाटावर रेशीम भरत होती. तिच्या कामाची मजुरी वेगळी कुठे लिहिली जात नाही, ती साडीच्या मजुरीतच धरलेली असते.

रेशीम कुणाचं, असं विचारल्यावर त्यानं हातातलं काम न थांबवता सांगितलं, “शेठचं. जर पण त्यांचीच. आपली मजुरी.”

रेशीम कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. दोन्ही माल पैसे मोजल्याशिवाय हलत नाहीत. साडी मागावर महिना, दोन महिने, काम भरगच्च असेल तर त्याहूनही कितीतरी जास्त काळ असते. उतरल्यावर लगेच विकली जाईल याची खात्री नाही. आषाढात मागावरून उतरलेली पैठणी तुळशीचं लग्न लागेपर्यंत कपाटात पडून राहते, कारण चातुर्मासात मुहूर्त नसतात. यंदा सगळ्या नवऱ्या मुलींना फिका गुलाबी हवा असेल आणि मागावर गडद जांभळी असेल, तर ती पुढच्या वर्षावर जाते. हा सगळा काळ कुणाचे तरी पैसे अडकून पडतात. येवल्यात ते बहुतेक वेळा दुकानदाराचे असतात.

आता ‘थेट’वाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे या माणसाला मधून काढू. समजा, एका साडीला रेशीम आणि जर मिळून दहा हजार रुपये लागले, विणायला दोन महिने गेले आणि विकायला आणखी चार. पहिल्या साडीचे पैसे सहाव्या महिन्याच्या शेवटी हातात येणार. तोवर माग रिकामा ठेवता येत नाही, म्हणून आणखी दोन साड्यांचं रेशीम आणायचं. म्हणजे तीस हजार रुपये मालात आणि सहा महिने घरात एक रुपयाही मजुरी नाही. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेनुसार देशातल्या साधारण दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत आहे. अशा घराला आपण सांगतो आहोत, की तुमचा सावकार, तुमचं गोदाम, तुमचा विमा आणि तुमची पेढी आजपासून तुम्हीच.

त्याच घरात त्या दुपारी शहरातून एक कुटुंब आलं. मायलेकी चांगल्या बोलत होत्या, चहा घेतला, मागाचे फोटो काढले, मोर विणताना पाहून लेक खरोखर हरखली. मग आईनं तयार साडीची किंमत विचारली आणि लगेच म्हणाली, “काका, दुकानात हीच अठराला होती. तुम्ही तर बनवणारे, तुम्हाला कुठे भाडं आहे, बाराला द्या.” ती साडी त्यानं स्वतःचं रेशीम घालून विणलेली होती, घरात अशी तेवढी एकच होती, आणि शाळा उघडायच्या दिवसांत त्याला पैशांची निकड होती. साडेबाराला सौदा झाला. माग दीड तास बंद राहिला. त्या सौद्यात दलाल कुठेच नव्हता, तरी विणकराला मिळायला हवे होते त्याहून कमीच मिळाले. रोख पैशांची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्या उंबऱ्यावर जाऊन घासाघीस केली की असंच होणार. दुकानदार त्या आईला ‘नाही’ म्हणू शकला असता. त्याला थांबणं परवडतं. विणकराला थांबणं परवडत नाही, आणि स्वस्ताईच्या आशेनं त्याच्या दारात जाणारा प्रत्येक माणूस, त्याला कळो न कळो, त्याच्या त्या अडचणीचाच फायदा घेत असतो.

यावर प्रतिपक्ष म्हणेल, की तुम्ही दुकानदारांची वकिली करता आहात. करत नाही. या धंद्यातल्या मधल्या माणसांची पापं मोठी आहेत आणि ती मला माहीत आहेत. पहिलं पाप खोट्या मालाचं. यंत्रमागावरचं कापड पैठणी म्हणून, हातची म्हणून विकलं जातं, खुद्द पैठणीच्या बाजारपेठांतही. १९८५ साली संसदेनं हातमागासाठी काही वस्त्रप्रकार राखून ठेवण्याचा कायदा केला. सुरुवातीला यादीत २२ प्रकार होते, आता ११ उरले आहेत. काठापदरावर जादा ताण्याबाण्याची नक्षी असलेल्या सुती-रेशमी साड्या त्या यादीत आजही आहेत, म्हणजे तशी साडी यंत्रमागावर काढणं हा गुन्हा आहे. हा कायदा मोडला म्हणून कुणाला शिक्षा झाल्याची बातमी वाचकांपैकी कितीजणांनी वाचली असेल? दुसरं पाप मजुरी थकवण्याचं. तिसरं उचलीचं. आजारपणाला, लग्नाला उचल द्यायची आणि मग ती फिटेपर्यंत विणकरानं दुसऱ्याच्या दारात जायचं नाही, भाव विचारायचा नाही.

पण या तिन्ही पापांवरचा उपाय मधलं काम नाहीसं करणं हा नाही. ते काम नाहीसं होतच नाही, ते फक्त विणकराच्या अंगावर पडतं. उपाय आहे तो ते काम प्रामाणिकपणे करणारी दुसरी, तिसरी, चौथी जागा उभी करण्याचा, म्हणजे पहिल्याला मजुरी थकवता येणार नाही आणि उचलीचा फास आवळता येणार नाही. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीनं लग्नसराई बुडाली तेव्हा हातमागाच्या गावांत हे उघडं पडलं. ज्यांच्या पाठीशी थोडंफार भांडवल असलेली संस्था किंवा दुकान होतं त्यांचे माग कसेबसे चालू राहिले. बाकीचे लोक मिळेल त्या मजुरीला गेले. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारनं अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त केलं. सरकारी यंत्रणा आटोपशीर करायची, असं कारण तिथे पुढे केलं गेलं.

मला सर्वांत जास्त खटकतं ते असं. हस्तकलेतून शाश्वत धंदा उभा राहिल्याची जी उदाहरणं ‘थेट’वाले स्वतः देतात, त्यातल्या प्रत्येक उदाहरणात एक भक्कम मध्यस्थ आहे. फक्त त्याला कुणी दलाल म्हणत नाही.

महेश्वर घ्या. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात नर्मदेच्या काठी विणकर वसवले, म्हणून मराठी माणसाला त्या गावाविषयी वेगळा जिव्हाळा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथले माग एकामागून एक बंद पडत होते. १९७८ मध्ये होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली. रेहवानं काय केलं? सूत आणि रेशीम विकत घेतलं, रंगवलं, नक्षी ठरवली, विणकरांना, त्यातही बायकांना, नियमित मजुरी दिली, तयार साड्या दूरच्या शहरांत नेऊन विकल्या, उरलेल्या पैशांतून विणकरांच्या मुलांसाठी शाळा चालवली. येवल्याचा दुकानदार करतो तीच ही कामं, फक्त नफा कुणाच्या घरात जातो तेवढा फरक. पुढे सॅली होळकरांनीच वुमनवीव्ह ही संस्था काढली आणि गुडी मुडी नावानं खादीचं काम उभं केलं, त्यातही गाभा हाच: कापूस आणणं, सूत कातून घेणं, विणणाऱ्या बाईला माल आणि मजुरी वेळेवर पोचवणं, विकण्याची जोखीम संस्थेनं घेणं. या बायकांनी उद्या स्वतः फोटो काढून, स्वतः गिऱ्हाईक शोधून विकायचं ठरवलं असतं, तर आज महेश्वरात इतके माग खडखडताना ऐकू आले नसते.

कच्छमधलं काळ्या कापसाचं उदाहरण तर त्याहून स्पष्ट आहे. हा तिथला जुना देशी कापूस. पावसाच्या पाण्यावर येतो, फवारणी लागत नाही. पण धागा आखूड, त्यामुळे लांब धाग्यासाठी बसवलेल्या गिरण्यांना तो नको. भुजोडीचे वणकर उत्तम विणतात, पण शेतकऱ्याच्या घरचा कापूस त्यांच्या मागावर सूत होऊन पोचणार कसा? २००१ च्या भूकंपानंतर, २००५ मध्ये कुकमा इथे उभ्या राहिलेल्या खमीर या संस्थेनं ती साखळी जोडली. शेतकऱ्याकडून कापूस घ्यायचा, सरकी काढायची, आखूड धाग्याला चालेल अशा पद्धतीनं कातून घ्यायचा, सूत विणकरांना द्यायचं, कापड विकायचं. या साखळीत पैसा कितीतरी महिने अडकून राहतो. तो भार उचलायला कुणीतरी मधे उभं राहिलं म्हणून काळा कापूस आज शहरांतल्या दुकानांत दिसतो. हैदराबादच्या उज़्रम्मा यांनी उभी केलेली मलखा चळवळ, वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचं खादीचं काम, विणकराचा फोटो साडीला जोडून विकणारी तामिळनाडूची को-ऑप्टेक्स, सगळीकडे तेच. को-ऑप्टेक्स १९३५ पासून उभी आहे. फोटो पाहून आपल्याला वाटतं, आपण थेट त्या माणसाकडून घेतो आहोत. खरं तर आपण एका मोठ्या सहकारी मध्यस्थाकडून घेतो, आणि तो मध्यस्थ असल्यामुळेच त्या माणसाचं नाव आपल्यापर्यंत पोचतं.

प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा असा, की हातमाग मुळातच पर्यावरणपूरक आहे, म्हणून हातमागाचं घेतलं की पृथ्वीचंही भलं झालं. मागाला वीज लागत नाही, इथपर्यंत ते खरं. पण कापडाचा पर्यावरणावरचा भार मुख्यतः मागाच्या आधी पडलेला असतो: शेतात, गिरणीत आणि रंगाच्या कढईत. ज्या कापसावर बोंडअळीशी लढत शेतकऱ्यानं फवारण्या केल्या, तो कापूस हातमागावर चढला म्हणून निर्दोष होत नाही. रासायनिक रंगाचं पाणी घरामागच्या गटारात सोडलं, तर ते हातानं सोडलेलं असो की यंत्रानं, नदीला सारखंच. पंचगंगेच्या पाण्याची तक्रार आपण इचलकरंजीच्या प्रक्रिया कारखान्यांबद्दल करतो, ती योग्यच आहे. पण घरोघरी रंगवणाऱ्या गावांनाही तोच नियम लावायला हवा.

आता एकट्या विणकरानं हे सुधारायचं ठरवलं तर तो काय करू शकतो? विदर्भात कापूस पिकतो. तो जिनिंगमध्ये १७० किलोच्या गाठीत दाबला जातो आणि दूरच्या गिरण्यांकडे जातो. नागपूरच्या विणकराला पाहिजे आहे काही किलो सूत, तेही कोनावरचं नको, लडीचं, कारण हातमागासाठी सूत रंगवायला आणि खळ द्यायला लडीच लागते. गिरण्यांनी आपल्या सुताचा ठरावीक हिस्सा लडीत बांधलाच पाहिजे असं सरकारी बंधन आहे. ते एके काळी ५० टक्के होतं, २००३ मध्ये ४० झालं, २०१९ मध्ये ३० वर आलं. लडी दुर्मीळ झाली की पहिला फटका कुणाला? ज्याच्याकडे आगाऊ मागणी नोंदवायची ऐपत नाही त्याला. सेंद्रिय सुताचं तर नावच नको. त्यासाठी एकदम मोठा सौदा करावा लागतो. रंगाचं पाणी साफ करायची टाकी प्रत्येक घराच्या अंगणात बांधता येत नाही, दहा-वीस घरांनी मिळून एक रंगशाळा चालवावी लागते. म्हणजे ‘शाश्वत’ हा शब्द कापडाच्या चिठ्ठीवर खरेपणानं छापायचा असेल, तर मधे एक संस्था लागतेच लागते. तिला वजा करून उरतं ते फक्त नाव.

आणि निसर्गाच्या बाजूनं पाहिलं तर आपल्याकडे घोंगडीइतकं निर्मळ वस्त्र दुसरं नाही. दख्खनी मेंढीची काळी लोकर, रंगच नाही. धनगर बाया टकळीवर नाहीतर चरख्यावर सूत काढतात, सनगर ते खड्ड्याच्या मागावर विणतात, चिंचोक्याची खळ देतात. पावसात भिजली तरी आतून ऊब देते, वर्षानुवर्षं टिकते, आणि फाटली तरी मातीत मिसळून जाते. बिरोबाच्या, खंडोबाच्या देवकार्यात तिला मान आहे. ‘हात’, ‘स्थानिक’, ‘रसायनमुक्त’, जे जे शब्द आज महागड्या कपड्यांना लावले जातात ते सगळे हिला लागू पडतात. मग घोंगडी का संपत चालली आहे? दलालांनी लुबाडली म्हणून? घोंगडीत तर दलालच उरला नाही. लोकर घ्यायला कुणी येत नाही. मेंढपाळाला कातरणीचा खर्च अंगावर येतो आणि कातरलेली लोकर शेताच्या बांधावर पडून राहते. हळूहळू त्यानं लोकर न देणाऱ्या, मटणाला जास्त वजन भरणाऱ्या जातींचे नर कळपात आणले. लोकर मऊ राहिली नाही, कमी झाली, तिच्यात केस मिसळले. सनगराला चांगलं सूत मिळेना. मुलांनी माग सोडले.

सनगराच्या घरी जाऊन एक घोंगडी विकत घेणाऱ्या पाहुण्यानं या साखळीतली कुठली कडी जोडली? एकही नाही. त्या कुटुंबाला त्या दिवशी पैसे मिळाले हे चांगलंच झालं. पण मेंढीच्या पाठीवरची लोकर घेण्यासाठी वर्षातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भावानं, रोख पैसे घेऊन कळपापाशी येणारा माणूस तिथे नाही, आणि घोंगडीचं मरण त्याच्या नसण्यात आहे. ज्याला आपण दलाल म्हणून हाकलायला निघालो आहोत, तोच माणूस घोंगडीला हवा आहे. भंडारा-गडचिरोलीकडच्या टसरचीही गोष्ट वेगळी नाही. ऐनाच्या झाडांवर अळ्या राखणारे ढिवर, कोष उकळून धागा काढणाऱ्या बाया आणि करवतीच्या दात्यांसारखा काठ विणणारे कोष्टी यांच्यामध्ये कोषाची खरेदी करून ठेवणारा कुणी नसला, तर करवत काठीची साडी भौगोलिक मानांकन असूनही फक्त प्रदर्शनात दिसेल.

विणकरानंच उद्योजक व्हावं, फोन हातात घ्यावा, जगाला विकावं, हा मुद्दा मात्र थोडक्यात संपवता येतो. ज्याला जमतं, आवडतं, त्यानं जरूर करावं. येवल्यात, भुजोडीत, महेश्वरात असे तरुण आहेत आणि ते कौतुकाला पात्र आहेत. पण त्यांच्यातल्या यशस्वी माणसाचं पुढे काय होतं ते पाहावं. मागण्या वाढल्या की तो शेजारच्या पाच, मग पंधरा मागांना सूत देतो, मजुरी देतो, नक्षी सांगतो, विकतो. तो स्वतः मधला माणूस झालेला असतो. ते होणं चांगलंच आहे. फक्त मग सगळ्या विणकरांनी तसं व्हावं ही अपेक्षा सोडावी. फोटो काढणं, रात्री अकरापर्यंत “अजून रंग दाखवा ना”ला उत्तरं देणं, पार्सल बांधणं, परत आलेली साडी सोडवणं, जीएसटीचे कागद, हे सगळं जितके तास खातं तितके तास माग बंद असतो, आणि पार्सलं बांधण्याचं काम घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं, तिच्या रहाटासारखंच बिनमजुरीचं.

काहीजण याच्या उलट टोकाला जाऊन म्हणतात, बाजाराला ठरवू द्या, यंत्रमागाशी ज्याला टिकता येत नाही त्यानं मेहेरबानीवर जगू नये. त्यांना एवढंच सांगायचं, की यंत्रमागही मेहेरबानीवरच जगतो. महाराष्ट्रात यंत्रमागाला सवलतीच्या दरात वीज मिळते, आणि ती का मिळते हे समजण्यासारखं आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत लाखो पोटं तिच्यावर आहेत. त्याहून महत्त्वाचं, राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात अंत्योदय शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना वर्षाला एक साडी मोफत देण्याची योजना आली आणि त्या साड्या यंत्रमाग महामंडळामार्फत घ्यायचं ठरलं. म्हणजे मागाला जगवायचं तर हमखास गिऱ्हाईक द्यावं लागतं, हे सरकारला नीट कळतं. त्याच धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी, घोंगडी आणि खण ही पाच पारंपरिक वस्त्रं म्हणून मोठ्या अभिमानानं नोंदली आहेत. त्यांच्या विणकरांच्या वाट्याला आला तो उत्सव भत्ता. सणाला चार पैसे मिळाले तर कुणाला नको आहेत? पण भत्ता हा माग चालवत नाही, मागणी चालवते.

सरकारी खरेदीचा एक जुना अनुभव मात्र विसरून चालणार नाही. १९७६ पासूनच्या जनता कापड योजनेत गरिबांसाठी स्वस्त साड्या आणि धोतरं विणायचं काम हातमागांना मिळालं. नागपूरकडच्या मागांनाही. काम भरपूर, पण जाडंभरडं आणि वर्षानुवर्षं तेच. अंगची बारीक कारागिरी त्यात झिजली. नव्वदच्या दशकात योजना गुंडाळली तेव्हा हातात ना बाजार उरला, ना जुनं कसब. तेव्हा स्वस्त कापड हातमागाकडून मागू नये, तिथे यंत्रमागाशी स्पर्धा करायला लावणं हा विणकरावर अन्याय आहे. हातमागाकडून तेच मागावं जे यंत्र चांगलं देऊ शकत नाही, आणि त्याची पूर्ण किंमत मोजावी.

म्हणून येवल्याला, महेश्वरला, भुजोडीला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे: जरूर जा. माग पाहा, पदर उलटा करून पाहा, म्हणजे खोटा माल पुढच्या वेळी दुकानात ओळखता येईल. वेळ आधी कळवून जा, मागावरच्या माणसाला उठवू नका. विणकराकडून घेतलंत तर दुकानाइतकीच किंमत द्या, कारण त्या साडीपुरतं दुकानाचं कामही त्यानंच केलेलं असतं. आणि दुकानात घेत असाल तर भाव पाडण्याऐवजी प्रश्न विचारा: ही कोणी विणली, मजुरी किती दिली, कधी दिली, सूत कुठलं, रंग कोणता. उत्तर देणाऱ्या दुकानाकडे परत जा. पाच-दहा गिऱ्हाइकांनी रोज हे विचारलं, तर मजुरी थकवणाऱ्याला उत्तर देणं जड जाईल.

सरकारकडे मागायचं ते भत्त्याहून सोपं आणि कमी खर्चाचं आहे. महाराष्ट्रात सत्काराशिवाय एक सभा पार पडत नाही. शाल-श्रीफळ मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत चालतं, आणि पाहुण्याच्या खांद्यावर पडणारी ती शाल बहुतेक वेळा कृत्रिम धाग्याची असते; घरी गेल्यावर कपाटाच्या तळाशी जाते. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. प्रत्येकीनं वर्षाला फक्त दोन सत्कार घोंगडीनं करायचे ठरवले तरी ५६ हजार घोंगड्या होतात, आणि अंगावर घ्यायची छोटी घोंगडी हलकी, वापरात राहणारी असते. पण ही खरेदी ऐनवेळी निविदा काढून, सर्वांत कमी दर भरणाऱ्याकडून करायची नाही; तसं केलं तर तिथेही यंत्रावरचंच कापड येईल. पाच वर्षांचा भाव आणि संख्या आधी जाहीर करायची, खरेदी धनगर आणि सनगरांच्या सहकारी संस्थांमार्फत करायची, आणि संस्थेला लोकर घ्यायला कातरणीच्या आधी भांडवल द्यायचं. मेंढपाळाला लोकर विकली जाणार हे आधी माहीत असेल, तर पुढच्या वर्षी कळपात कोणता नर ठेवायचा हे तो वेगळं ठरवील.